तुलना करणारा एक इंग्रजी शब्द

चीन आणि जपान यांच्या मधे कोरिया आहे. भात खाणाऱ्या लोकांचा मुलूख. दक्षिण कोरियातील मुले १९९७ सालापासून प्राथमिक शाळेत तिसरीतच इंग्रजी शिकू लागली. तरी एक इंग्रजी शब्द तिथल्या मोठ्या माणसांनाही अडवतो. तो शब्द म्हणजे कंपेअर. कंपेअर म्हणजे तुलना करणे.

अर्थ सोपा आहे. मग अडते कुठे?

आपण म्हणतो, 'या भाताची त्या भाताशी तुलना कर.' आपले 'कर' शेवटी येते. कोरियन माणसाचेही तसेच. तो 'बिग्यो हादा' म्हणतो. बिग्यो म्हणजे तुलना, हादा म्हणजे करणे. आपला 'शी' शब्दाच्या शेवटी चिकटतो, तसा त्याचा 'वा' चिकटतो. इंग्रजीत हे उलटे! कंपेअर आधी येते. 'शी'च्या जागी विथ, तोही शब्दाच्या आधी.

आता दुसरी गोष्ट पाहा. आयुष्याला प्रवास म्हटले, तर ती उपमा झाली. उपमा देण्याला कोरियन भाषेत वेगळा शब्द आहे, 'बियु हादा'. इंग्रजीत मात्र इथेही कंपेअरच. फक्त विथ जाऊन टू येतो. बोलताना इंग्रज लोकही पुष्कळदा दोन्हीकडे टू वापरतात. तेव्हा याची फार धास्ती घेऊ नये, असे आम्हाला वाटते.

खरी फजिती पुढेच आहे. 'गेल्या वर्षाशी तुलना करता यंदा भात कमी पिकला.' इथे इंग्रजीत कंपेअर्ड म्हणावे लागते. शेवटी 'ड' हवा. कोरियन बोलीत शब्दाच्या शेवटी असा ठसठशीत 'ड' येत नाही. मग तो गळतो, नाही तर त्याला जादा स्वर लागतो. गळला की ऐकणाऱ्याला वाटते, 'गेल्या वर्षाशी तुलना कर!' बिचारा कारकून हिशोब सांगायला गेला आणि साहेबालाच हुकूम सोडून बसला! यात त्याची अक्कल कमी नसते. जिभेला सवय नसते, इतकेच.

आमच्या शाळेतली मुलेही या 'ड'ला विसरत. त्यांची जीभ अडत नसे, पण ध्यान नसे. आम्ही नियम सांगत बसत नसू. दहा वाक्ये मोठ्याने म्हणायला लावत असू, आणि प्रत्येक 'ड'ला एक टाळी!