ताजच्या फरशीवरून दिंद्रुडच्या वरातीत

अमेरिकी बॉलरूमचा पाया घातला तो व्हर्नन आणि आयरीन कॅसल या जोडप्याने. १९१४ साली त्यांच्यामुळे फॉक्सट्रॉट गाजला, आणि त्यांच्यामागे ताफा होता जेम्स रीज युरोप या कृष्णवर्णीय संगीतकाराचा. पुढे आर्थर मरे यांनी पावलांचे ठसे छापून टपालाने नाच शिकवला. सुरुवात साधी: पुढे, बाजूला, जुळव, मागे, बाजूला, जुळव. रुंबातही हीच चौकट. वजन गुडघा वाकवून घ्यायचं आणि तो सरळ करायचा, की कंबर आपसूक डुलते. मुद्दाम डुलवली तर नाच विस्कटतो.

इंग्लंडने १९२४ पासून या नाचांचे काटेकोर नियम बांधले. तिथल्या वॉल्ट्झमध्ये, फॉक्सट्रॉटमध्ये जोडीने एकमेकांना सोडायचंच नाही. अमेरिकेत रंगमंचाची आणि सिनेमाची ओढ मोठी. तिथे जोडी सुटते, शेजारी चालते, गिरकी घेऊन परत येते. माझ्या मते या पद्धतीचा खरा जीव या सुटण्यातच आहे.

या नाचांचा ताल मुंबईतही आला. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा अमेरिकी जॅझ ताफा ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ टेडी वेदरफर्ड. अशा वादकांच्या संगतीत गोव्याची मंडळी तयार झाली. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, म्हणजे अँतोनियो झेवियर वाझ, त्यांतलेच. ते पुणतांब्याच्या संगीतकार सी. रामचंद्रांच्या हाताखाली आले आणि १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटातून हा ताल घरोघर पोचला.

पडद्यावर होते भगवानदादा पालव. गिरणी कामगाराचा मुलगा, अंग कुस्तीत कमावलेलं. त्यातलं ‘शोला जो भडके’ हे गाणं पुन्हा पाहा: कोपर दुमडलेले, खांदे हलके, पाऊल जेमतेम वीतभर सरकतं, पण वजन दर ठेक्याला बरोब्बर बदलतं. गीता बाली समोर आहे, तिला धरून ठेवण्याची गरजच उरलेली नाही.

म्हणून तो नाच माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडपर्यंत जाऊ शकला. तिथे गुळगुळीत लाकडी जमीन कुठली, आणि भर रस्त्यात बाईच्या कमरेवर हात कोण ठेवणार? वरातीला धुळीचा रस्ता पुरतो, जोडीदार लागत नाही. नवरदेवाच्या घोड्यापुढे चुलते-मामे कोपर दुमडून नाचतात, ती भगवानदादांचीच देणगी. त्यांना नुसता विनोदी नट म्हणून कोपऱ्यात बसवतात, ते मला अजिबात पटत नाही. परक्या देशातल्या जोडीच्या नाचातून त्यांनी एकट्याला नाचता येईल एवढं नेमकं उचललं, आणि ते उचलायला तालाची पक्की जाण लागते.