अकरावी-बारावीचे श्रेयांक कोणाच्या खात्यावर?

अकरावी आणि बारावी या दोन इयत्तांना आपण सर्रास ‘कॉलेज’ म्हणतो. ‘आमची मुलगी आता कॉलेजात जाते’ असे शेजारीपाजारी सांगितले जाते, ते ती दहावी होऊन अकरावीत बसली म्हणजेच. अंधेरीचे भवन्स घ्या, घाटकोपरचे झुनझुनवाला घ्या, नाही तर मुलुंडचे वझे-केळकर घ्या. कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय एकाच नावाखाली नांदत असते. पण कागदोपत्री पाहू गेल्यास या दोहोंत एक भक्कम भिंत उभी आहे. बारावीपर्यंतचा विद्यार्थी राज्य मंडळाचा आणि तेरावीचा विद्यार्थी विद्यापीठाचा. सरकारी भाषेत आपले कनिष्ठ महाविद्यालय म्हणजे उच्च माध्यमिक शाळाच होय. त्यामुळे बारावीत केलेला अभ्यास कितीही चांगला असो, तो पदवीच्या प्रवेशापुरता उपयोगी पडतो. पदवीच्या हिशेबात त्यातले काहीही जमा होत नाही.

हे असेच असावे का? शाळेत असतानाच महाविद्यालयाचे काही श्रेयांक मिळवता येतील का? नव्या शैक्षणिक धोरणामुळे हा प्रश्न आता आपल्या दाराशी आला आहे. म्हणून तो नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

श्रेयांक म्हणजे काय?

पूर्वी विद्यार्थ्याची प्रगती वर्षांत मोजत. वर्ष पास झाले की पुढचे वर्ष आणि नापास झाले की तेच वर्ष पुन्हा. श्रेयांक, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातले ‘क्रेडिट’, हे त्याहून लहान माप आहे. विद्यार्थ्याने सुमारे ३० तास अभ्यास करावा व त्याची परीक्षा उत्तीर्ण व्हावी, म्हणजे एक श्रेयांक पदरात पडतो. या ३० तासांत वर्गातील व्याख्यानेही येतात आणि घरचे वाचन, टिपणे, निबंध हेही येतात. मुंबई विद्यापीठाच्या नव्या रचनेत एका सत्राला २२ श्रेयांक आणि तीन वर्षांच्या पदवीला १३२ श्रेयांक लागतात.

माप लहान झाल्याचा फायदा उघड आहे. वर्ष एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे नेता येत नाही, श्रेयांक नेता येतो. सुटे पैसे जसे कोणत्याही दुकानात चालावेत, तशी ही कल्पना आहे. मात्र सुटे पैसे चालायला नाणे सर्वमान्य असावे लागते. आपल्या विषयातील खरी मेख तेथेच आहे.

भिंत कोणी बांधली?

शाळा आणि विद्यापीठ यांच्यामधली सीमारेषा निसर्गाने आखलेली आहे, असा आपला समज असतो. इतिहास निराळेच सांगतो. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ साली झाली. न्यायमूर्ती रानडे हे त्या पहिल्या तुकडीतले. ही मॅट्रिक म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा, पण ती घेत असे विद्यापीठ! शाळेतल्या मुलाचा शेवटचा पेपर विद्यापीठच तपासत होते. पुढे १९४८ च्या कायद्याने एस. एस. सी. परीक्षा मंडळ निर्माण झाले आणि १९४९ पासून मॅट्रिकची जागा एस. एस. सी.ने घेतली. तेव्हा भिंतीचा पहिला थर रचला गेला.

तरीही अकरावी एस. एस. सी. झालेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा थेट विद्यापीठाच्या दारात जात होता. फर्स्ट इयर, इंटर, ज्युनियर बी. ए. आणि सीनियर बी. ए. अशी चार वर्षे केली की तो पदवीधर होई. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी ‘इंटर आर्ट्स’ हा शब्द ऐकू येतो तो याच काळातला. अनेकांनी इंटरवरच शिक्षण थांबवून नोकरी धरली.

मग १०+२+३ हा आकृतिबंध आला. महाराष्ट्रात नव्या दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली आणि बारावीची पहिली परीक्षा १९७७ साली झाली. येथे एक साधी बेरीज करून पाहण्यासारखी आहे. पूर्वी ११ अधिक ४ मिळून १५ वर्षे. आता १० अधिक २ अधिक ३ मिळूनही १५ वर्षेच. एकूण काळ तोच राहिला, विद्यार्थ्यांचे वय तेच राहिले, बहुतेक ठिकाणी इमारतही तीच राहिली. बदलले ते एवढेच, की शाळेनंतरचे जे पहिले वर्ष विद्यापीठाच्या हिशेबात जमा होत होते, ते मंडळाच्या हिशेबात गेले. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाला विद्यापीठाचा अभ्यास झेपत नाही, असे कोणी सिद्ध केले म्हणून ही सीमा आखली गेली नाही. देशभर एकच आकृतिबंध असावा या सोयीसाठी ती आखली गेली. सोयीसाठी आखलेल्या रेषेत सोयीसाठी एखादे दार ठेवायला हरकत नसावी.

दुसरीकडे काय चालते?

अमेरिकेत असे दार फार पूर्वीच उघडले गेले. तेथे ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ नावाची योजना आहे. ‘कॉलेज बोर्ड’ या संस्थेने ती १९५५ मध्ये हाती घेतली आणि १९५६ पासून तिच्या परीक्षा होत आहेत. शाळेतला विद्यार्थी इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, गणित अशा विषयांचा महाविद्यालयीन पातळीचा अभ्यास शाळेतच करतो आणि मे महिन्यात परीक्षा देतो. निकाल १ ते ५ या श्रेणीत लागतो. कित्येक विद्यापीठे ३ वर श्रेयांक देतात, काही ४ किंवा ५ मागतात, तर काही नामवंत विद्यापीठे श्रेयांक न देता केवळ वरच्या वर्गात बसू देतात. नाणे पाडणारा एक आणि ते स्वीकारायचे की नाही हे ठरवणारा दुसरा, असा हा व्यवहार आहे. याशिवाय शाळेत असतानाच जवळच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घालून तेथील श्रेयांक मिळवण्याचीही पद्धत तिकडे रूढ आहे.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांतील मुलेही या परीक्षांना बसतात. त्यांना स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन किंवा जपानी भाषेची परीक्षा देऊन श्रेयांक मिळवता येतो. मराठीची परीक्षा मात्र त्या यादीत नाही. घरी बोलली जाणारी भाषा खात्यावर जमा होत नाही आणि शाळेत शिकलेली परभाषा होते! कोणते ज्ञान मोजायचे हे जो ठरवतो, त्याच्या हाती किती सत्ता असते, ते यावरून दिसते.

इतक्या दूर जायचेही कारण नाही. आपल्या उपनगरांतील काही शाळा आंतरराष्ट्रीय मंडळांचे अभ्यासक्रम चालवतात. तेथील विद्यार्थी परदेशी गेला, तर त्याच्या शेवटच्या दोन वर्षांतील वरच्या पातळीच्या विषयांबद्दल तिकडची अनेक विद्यापीठे त्याला श्रेयांक देतात. त्याच रस्त्यावरच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकणाऱ्या आणि तितकेच कष्ट करणाऱ्या मुलीला आपल्याच शहरातील विद्यापीठात तशी सवलत नाही. ज्याला मोठी फी परवडते त्याचे वेळेआधीचे कष्ट जमा होतात, इतरांचे होत नाहीत.

आपल्याकडचे जुने दार

आपल्या शिक्षणव्यवस्थेला ही कल्पना अगदीच परकी आहे असे मात्र नाही. दहावीनंतर अकरावीत न जाता पॉलिटेक्निकला गेलेला विद्यार्थी पाहा. पार्ल्याचे भगूभाई मफतलाल किंवा वांद्र्याचे शासकीय तंत्रनिकेतन येथे तो तीन वर्षांची पदविका करतो आणि पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊ शकतो. ज्या वयात आपण अकरावी-बारावी करतो, त्याच वयात केलेला त्याचा अभ्यास पदवीच्या पहिल्या वर्षाच्या बदल्यात धरला जातो. तेथे कोणी ‘हा अजून लहान आहे’ असे म्हणत नाही.

कलाक्षेत्रातही अर्धे दार आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना, तसेच शास्त्रीय गायन-वादन-नृत्य शिकलेल्यांना, दहावीला वाढीव गुण देण्याची तरतूद महाराष्ट्रात झाली. शाळेबाहेरचे शिकणे शाळेच्या हिशेबात घेता येते, हे तिने मान्य केले. परंतु हे गुण दहावीपाशीच संपतात. कला शाखेच्या पदवीपर्यंत ते पोहोचत नाहीत.

नवी योजना आणि तिची मर्यादा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जुलै २०२० मध्ये जाहीर झाले. त्यानंतर २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे नियम केले. ही खरोखरीची बँक नव्हे. प्रत्येक विद्यार्थ्याचे तेथे खाते असते आणि त्यात निरनिराळ्या संस्थांतून मिळवलेले श्रेयांक जमा होतात. २०२१ च्या या नियमांत श्रेयांकांना सर्वसाधारणपणे सात वर्षांचे आयुष्य दिले होते आणि पदवी देणाऱ्या संस्थेतून निदान निम्मे श्रेयांक मिळवावेत अशी अट घातली होती. ही सोय उच्च शिक्षणापुरती होती.

एप्रिल २०२३ मध्ये ‘राष्ट्रीय श्रेयांक आराखडा’ आला आणि त्याने शाळेलाही या हिशेबात घेतले. वर्षाला १,२०० तासांचा अभ्यास आणि त्याचे ४० श्रेयांक असे प्रमाण त्यात धरले आहे. शाळेपासून संशोधनापर्यंत पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. दहावी ही ३ री पायरी, अकरावी साडेतीन, बारावी ४ थी आणि पदवीचे पहिले वर्ष साडेचार.

हे वाचून पुष्कळांचा असा ग्रह होतो, की आता बारावीचे ४० श्रेयांक पदवीत धरले जाणार. तसे नाही. आराखड्यात श्रेयांकाला पायरीच्या आकड्याने गुणायचे असते. बारावीचे ४० गुणिले ४ म्हणजे १६०, तर पदवीच्या पहिल्या वर्षाचे ४० गुणिले साडेचार म्हणजे १८०. श्रेयांकांची संख्या सारखी असली तरी त्यांचे वजन सारखे नाही. बारावीचे श्रेयांक आपल्याला पदवीच्या उंबरठ्यापर्यंत आणतात आणि तेथेच त्यांचे काम संपते. उंबरठ्यापलीकडे काही जमा करायचे असेल, तर साडेचाराव्या पायरीचाच अभ्यास बारावीत असताना करायला हवा आणि तो विद्यापीठाने मानायला हवा. खाते उघडले गेले आहे; त्यात नाणे टाकण्याची वाट अजून बांधायची आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की बारावीचे ओझे काय कमी आहे म्हणून त्यात आणखी भर? हा आक्षेप रास्त आहे. म्हणून अशी सोय ऐच्छिकच असली पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कनिष्ठ महाविद्यालयात नाव, हजेरी कागदावर आणि शिकणे खासगी क्लासमध्ये, हा प्रकार आपल्या शहराला नवा नाही. श्रेयांकाचा पाया तास हा आहे. तास खोटे तर श्रेयांकही खोटा. उद्या ‘बारावीतच पदवीचे श्रेयांक मिळवा’ अशा पाट्या रेल्वे स्थानकांबाहेर झळकू लागल्या, तर ज्यांच्यासाठी हे दार उघडायचे तेच बाहेर राहतील. सकाळी कॉलेज करून दुपारी वडिलांच्या दुकानात बसणारा मुलगा किंवा धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी यांना क्लासची फी कोठून परवडणार? म्हणून हे शिक्षण महाविद्यालयांनी स्वतःच, आपल्या प्राध्यापकांकडून आणि आपल्या ग्रंथालयात द्यायला हवे.

एक सूचना

यातून मार्ग काढायचा तर लहान सुरुवात करावी असे वाटते. बारावीच्या लेखी परीक्षा मार्चच्या सुमारास संपतात आणि प्रथम वर्षाचे वर्ग जून-जुलैच्या सुमारास भरतात. मधले तीन महिने बहुतेकांचे वाट पाहण्यात जातात. दोन श्रेयांकांचा एक अभ्यासक्रम म्हणजे ६० तास. एप्रिल आणि मे मिळून तो सहज बसतो. विषय असे निवडावेत की ज्यांची उणीव प्रथम वर्षाला हमखास जाणवते: संदर्भग्रंथ कसा वाचावा, टिपणे कशी काढावीत, मराठीत व इंग्रजीत मुद्देसूद निबंध कसा लिहावा, आपल्या उपनगराच्या इतिहासाची साधने कशी शोधावीत. उपनगरांतील अनेक महाविद्यालये आज स्वायत्त आहेत, अभ्यासक्रम आखण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहे. परीक्षा घ्यावी, श्रेयांक राखून ठेवावेत आणि विद्यार्थी बारावी उत्तीर्ण होऊन पदवीला आला, की पहिल्या सत्राच्या २२ श्रेयांकांत ते धरावेत. विद्यापीठाच्या विद्यापरिषदेने यास मान्यता दिली, तर एका महाविद्यालयात मिळवलेले श्रेयांक दुसऱ्यातही चालतील.

दोन श्रेयांकांनी पदवी लवकर मिळणार नाही, हे खरे. पण पहिल्या सत्राचा भार तेवढा हलका होईल आणि अर्धवेळ नोकरी करून शिकणाऱ्याला आठवड्यातले काही तास सुटतील. त्याहून मोठा लाभ असा, की मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला प्रथम वर्षाच्या पहिल्या दिवशी बुजल्यासारखे होणार नाही. वरिष्ठ महाविद्यालयाचा वर्ग त्याने आधीच पाहिलेला असेल.

शिक्षण लवकर उरकून टाकणे हा या साऱ्याचा हेतू असू नये. विद्यार्थ्याने केलेले प्रामाणिक कष्ट, ते कोणत्याही वयात आणि कोणत्याही वर्गात केलेले असोत, वाया जाऊ नयेत, एवढाच हेतू असावा. प्राध्यापकवर्गाने आणि विद्यार्थिमित्रांनी या सूचनेचा विचार करावा, तीत उणे असेल ते दाखवावे आणि शक्य झाल्यास येत्या उन्हाळी सुट्टीत एक तरी असा वर्ग भरवून पाहावा, ही विनंती.