नऊ कारकांची चौकट आणि पंधरा बिंदूंची भूमिती

कोणत्याही राशीचे मूल्य मापनापूर्वीच ठरलेले असावे, आणि तिच्यासमवेत दुसरी कोणती राशी मोजली यावर ते अवलंबून नसावे, ही अपेक्षा स्वाभाविक होय. पुंजयामिकी ती पुरी करू शकत नाही, हे कोखेन व स्पेकर यांनी १९६७ साली ११७ सदिशांच्या साह्याने सिद्ध केले. या गुणधर्मास संदर्भनिष्ठता म्हणता येईल. पुढे १९९० मध्ये पेरेस व मर्मिन यांच्या लेखनातून दोन क्यूबिटांची अशी सिद्धता मिळाली की, चंद्रपूर-गडचिरोलीकडील कोणत्याही महाविद्यालयातील विद्यार्थ्यास ती प्रयोगशाळेवाचून, कागदावरच पडताळता यावी.

क्ष, य, झ हे पाउलींचे कारक आणि अ हा एकक कारक मानून पुढील चौकट मांडावी :

क्ष·अ, अ·क्ष, क्ष·क्ष
अ·झ, झ·अ, झ·झ
क्ष·झ, झ·क्ष, य·य

प्रत्येक ओळीतील, तसेच प्रत्येक स्तंभातील तिन्ही कारक परस्परांशी क्रमनिरपेक्ष आहेत. म्हणून ते एकत्र मोजता येतात. तिन्ही ओळींचा व पहिल्या दोन स्तंभांचा गुणाकार धन एकक येतो. तिसऱ्या स्तंभाचा मात्र ऋण एकक. आता नऊ जागी +१ किंवा −१ ही पूर्वनिश्चित मूल्ये घालू पाहावीत. ओळींवरून नऊही मूल्यांचा गुणाकार +१ ठरतो, स्तंभांवरून −१. या युक्तिवादात प्रणालीच्या अवस्थेचा उल्लेखही नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

विरोधाचे मूळ भूमितीत आहे. एकक वगळता दोन क्यूबिटांचे १५ पाउली कारक उरतात. त्यांस बिंदू मानावे, आणि ज्या क्रमनिरपेक्ष त्रिकाचा गुणाकार धन वा ऋण एकक येतो त्यास रेषा. अशा १५ रेषा मिळतात. प्रत्येक बिंदूतून तीन जातात. आणि आकृतीत त्रिकोण एकही नाही. हीत वरच्यासारख्या दहा चौकटी सामावलेल्या असून दहाही विरोधग्रस्त आहेत. एखाद्या कारकाचे चिन्ह बदलून विरोध टाळावा, तर तेही साधत नाही : चौकटीतील प्रत्येक बिंदू तिच्या दोन रेषांवर असल्याने दोन चिन्हे एकदम पालटतात, आणि ऋण रेषांची संख्या विषमच राहते.

रेषेबाहेरील बिंदूतून त्या रेषेस छेदणारी नेमकी एकच रेषा असावी, हा या रचनेचा नियम. राजचंद्र बोस यांनी १९६३ साली मांडलेल्या आंशिक भूमितीचा हा एक विशेष प्रकार ठरतो. नागपुरात शिकलेले शरच्चंद्र श्रीखंडे हे बोसांचेच शिष्य. बोस व पार्कर यांच्यासह त्यांनी १९५९ मध्ये ऑयलरचे लॅटिन चौरसांविषयीचे अनुमान खोटे ठरविले. विदर्भाच्या वाचकास ही भूमिती अगदीच परकी नाही ती यामुळे.

इन्सब्रुक येथे २००९ साली कॅल्शियमच्या दोन आयनांवर ही चौकट मोजली गेली. सहा सरासरींच्या बेरजेत ऋण रेषेची सरासरी वजा धरली, तर पूर्वनिश्चित मूल्यांना ४ ही कमाल मर्यादा पडते, आणि पुंजयामिकी ६ सांगते. प्रयोगात ५.४६ आले.