एक संगणक, दोन ड्राइव्ह : वेगाची जागा वेगळी, साठ्याची वेगळी

नवी दिल्ली – संगणक जुना झाला, सुरू व्हायला चार-पाच मिनिटे घेऊ लागला, की दिल्ली, नोएडा, गुरुग्राम आणि गाझियाबादमधील अनेक जण दक्षिण दिल्लीतील नेहरू प्लेसच्या संगणक बाजाराची वाट धरतात. तेथे अनेकदा मिळणारा सल्ला असा असतो : जुनी हार्ड डिस्क काढू नका, तिच्या जोडीला एक छोटी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजेच एस.एस.डी., बसवून घ्या. सल्ला योग्य आहे. मात्र कोणत्या ड्राइव्हवर काय ठेवायचे, हे समजून घेतले नाही तर खर्च वाया जाऊ शकतो.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय तबकड्या फिरत असतात, बहुधा मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा. ७२०० च्या गतीने एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचक-शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्ध्या फेरीची वाट पाहावी लागते, शिवाय शीर्षाला योग्य जागी सरकावे लागते ते वेगळेच. एका फाइलसाठी हा विलंब जाणवत नाही. परंतु विंडोज सुरू होताना तबकडीवर विखुरलेल्या हजारो लहान फाइल वाचल्या जातात आणि प्रत्येक वेळी ही प्रतीक्षा नव्याने घडते. एस.एस.डी.मध्ये फिरणारा भागच नसतो. फ्लॅश चिपमधील माहिती मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास हाती येते.

म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम, नेहमीच्या वापरातील सॉफ्टवेअर आणि हाती असलेले काम एस.एस.डी.वर ठेवावे. चित्रपट, छायाचित्रे, जुन्या वर्षांचे हिशेब यांच्यासाठी हार्ड डिस्क पुरेशी आहे. उत्तम दर्जाचा चित्रपट पाहतानाही सेकंदाला सहसा काही मेगाबाइटच माहिती लागते. सर्वसाधारण हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला शंभरहून अधिक मेगाबाइट देते. तोच चित्रपट एस.एस.डी.वर ठेवल्याने तो अधिक चांगला दिसत नाही, केवळ महागडी जागा अडते. २०११ मध्ये थायलंडमधील पुरामुळे हार्ड डिस्क महागल्या होत्या. २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्याने मेमरी चिपचे दर चढले. त्यामुळे ही काटकसर गैरलागू ठरत नाही.

जोडणी करताना एक चूक वारंवार होते. एस.एस.डी.वर विंडोज नव्याने बसवताना जुनी हार्ड डिस्क जोडलेलीच ठेवली, तर संगणक सुरू करणारा छोटा विभाग कधी कधी जुन्या डिस्कवरच राहतो. वरवर सारे सुरळीत चालते. पण पुढे ती डिस्क बिघडली की नव्या एस.एस.डी.वरील विंडोजही सुरू होत नाही. तेव्हा विंडोज बसवून होईपर्यंत हार्ड डिस्कची केबल काढून ठेवावी, असे कारागिराला आवर्जून सांगावे. नंतर ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’ या फोल्डरची जागा त्यांच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘लोकेशन’ येथून हार्ड डिस्कवर हलवता येते. सॉफ्टवेअरचे फोल्डर मात्र असे उचलून हलवू नयेत.

डी.व्ही.डी. ड्राइव्ह असलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये ती काढून तिच्या जागी चौकट बसवता येते. एस.एस.डी. मूळ जागी आणि हार्ड डिस्क या चौकटीत ठेवणे बरे, कारण काही लॅपटॉपमध्ये डी.व्ही.डी.ची जोडणी संथ असते. चौकट ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीत मिळते. मोजून न घेतल्यास दुसरी फेरी ठरलेली.

दोन्ही ड्राइव्ह आपोआप एकत्र चालवण्याचे प्रयोगही झाले. २०११ मध्ये इंटेलने एस.एस.डी.चा काही भाग हार्ड डिस्कसाठी तात्पुरता साठा म्हणून वापरण्याची सोय दिली. २०१२ मध्ये ॲपलने ‘फ्यूजन ड्राइव्ह’ आणली. त्यात दोन ड्राइव्ह वापरकर्त्याला एकच दिसत. सोय मोठी, पण दोहोंपैकी एक बिघडली की संपूर्ण साठा धोक्यात येई. घरगुती वापरासाठी दोन्ही स्वतंत्र ठेवणेच प्रस्तुत लेखकाला अधिक सुरक्षित वाटते.

तरीही दोन ड्राइव्ह म्हणजे दोन सुरक्षित प्रती नव्हेत. बिघडण्यापूर्वी हार्ड डिस्क अनेकदा खरखर आवाज करते, एस.एस.डी. मात्र पूर्वसूचना न देता बंद पडू शकते, आणि तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळवणे बहुधा अशक्य असते. शिवाय दोन्ही एकाच पेटीत, एकाच वीजपुरवठ्यावर असतात. काही वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात गेलेली वीज परत येताना दाब अचानक वाढला आणि प्रस्तुत लेखकाच्या संगणकातील दोन्ही ड्राइव्ह एकदमच निकामी झाल्या. भाषांतराच्या कामात सात वर्षे जमवलेली शब्दसूची हार्ड डिस्कवर होती, तिची प्रत एस.एस.डी.वर. एका सहकाऱ्याला ई-मेलने पाठवलेली दोन वर्षे जुनी आवृत्ती तेवढी हाती लागली. मधली भर पुन्हा करावी लागली. आता तिसरी, केबलने जोडायची डिस्क दर शनिवारी कपाटातून बाहेर निघते आणि प्रत काढून झाली की परत कपाटात जाते.