होतकरू खेळाडूची पारख आणि तिची भाषा : रेणापूरच्या खो-खोच्या अनुषंगाने

उदयोन्मुख खेळाडूस मराठीत 'होतकरू' म्हणण्याची रूढी आहे. या शब्दात 'होणे' हा धातू स्पष्टपणे दिसतो. जे अद्याप झालेले नाही, पण होण्याच्या वाटेवर आहे, असा अर्थ त्यातून सूचित होतो. अमेरिकेतील बेसबॉलच्या व्यवहारात याच अर्थी 'प्रॉस्पेक्ट' हा शब्द वापरतात. त्याचे मूळ 'पुढे पाहणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. दोन्ही शब्द भविष्याकडे बोट दाखवितात. तथापि त्यांच्यातील भेद लक्षणीय आहे. मराठी शब्दात घडण्याची क्रिया खेळाडूच्या ठायी आहे, तर इंग्रजी शब्दात ती पाहणाऱ्याच्या दृष्टीत आहे. त्यामुळे 'हा मुलगा होतकरू आहे' असे म्हटले की कोणी तरी, कोठून तरी, किती तरी वेळ पाहून हे मत बनविले आहे, ही गोष्ट वाक्यातून नाहीशी होते. खेळाडूच्या पारखीतील पुष्कळशा चुका मैदानावर होण्यापूर्वी वाक्यात होतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचनासाठी खो-खो हा खेळ व रेणापूर हा तालुका घेतला आहे. रेणा नदीच्या काठचे आणि रेणुकादेवीच्या देवस्थानामुळे परिचित असलेले रेणापूर हे लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होय. महाराष्ट्रातील अन्य तालुक्यांप्रमाणे येथील शालेय खेळाडूंची वाटही तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनी वर जाते. १४, १७ व १९ वर्षांखालील असे तिचे वयोगट आहेत. सामने बहुधा बाद पद्धतीने होतात. सामना हरलेल्या शाळेचा संघ तेथेच थांबतो, आणि त्या संघातील एखादा उत्तम गडीही त्या वर्षापुरता या वाटेवरून दूर होतो. अशा मुलाकरिता उरते ती निवड चाचणी, आणि शिक्षकाने त्याच्याविषयी पुढे कळविलेली दोन-चार वाक्ये. त्या वाक्यांचे मोल म्हणूनच मोठे आहे.

हे मोल अलीकडे वाढलेही आहे. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने ज्या खेळाची नियमावली बांधली, त्या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झाली. पुरुष व महिला या दोन्ही गटांत भारताने नेपाळला हरवून विजेतेपद मिळविले, आणि दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते. लातूरला लागून असलेल्या धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) येथील सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. शिवाय राज्याच्या शासकीय सेवेत खेळाडूंकरिता ५ टक्के आरक्षण आहे. तेव्हा कोरडवाहू शेतीच्या या टापूत मुलाच्या खेळाविषयीचे मत हा केवळ कौतुकाचा विषय राहिलेला नाही.

आता हे मत कशा भाषेत मांडावे, याचा सर्वांत तपशीलवार विचार ज्या खेळात झाला आहे, त्याकडे वळणे उपयुक्त होईल. अमेरिकेत बेसबॉलच्या सर्वोच्च श्रेणीतील ३० संघांपैकी प्रत्येकाचे कनिष्ठ श्रेणींत संलग्न संघ असतात. २०२१ च्या पुनर्रचनेपासून पूर्ण हंगाम खेळणाऱ्या अशा संघांची संख्या १२० आहे. त्यांतील तरुणांची पाहणी करण्यासाठी पारखी नेमलेले असतात. त्यांचा मानदंड २० ते ८० असा आहे. ५० म्हणजे सर्वोच्च श्रेणीतील सरासरी खेळाडूची पातळी. मैदानाच्या आतील भागात, म्हणजे पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या तळावर आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधल्या जागेवर, खेळणाऱ्या क्षेत्ररक्षकाची पाहणी करताना पारखी एकच गुणांक देत नाही. चेंडू टोलविण्याचे कौशल्य, टोल्यातील जोर, धावण्याचा वेग, फेकीची ताकद आणि क्षेत्ररक्षण यांचे अंक तो वेगवेगळे मांडतो. क्षेत्ररक्षणातही हात किती मऊ, पाय किती हलके आणि दोन्ही बाजूंस पोहोच किती, हे निराळे पाहिले जाते. मधल्या जागेवरील मुलाची फेक कमी पडली तर त्याला दुसऱ्या तळावर हलविता येते. फेक जोरकस पण पाय मंद असतील तर तिसरा तळ त्यास मानवतो.

या पद्धतीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. प्रत्येक गुणासाठी दोन अंक लिहावे लागतात : एक आजचा, दुसरा पूर्ण वाढ झाल्यानंतर अपेक्षित असलेला. टोल्यातील जोर आज ३०, पुढे ५० असे लिहिणारा पारखी दोन स्वतंत्र विधाने करतो. पहिले पाहून पडताळता येते. दुसरे अंदाज आहे, आणि ते अंदाज म्हणूनच नोंदविले जाते.

मराठीत क्रियापदाला ही सोय पूर्वीपासून आहे. 'पळाली', 'पळते', 'पळू शकते', 'पळेल' या चार रूपांत घडलेली घटना, नेहमीची रीत, अंगची शक्यता आणि भविष्याविषयीचे अनुमान असे चार भिन्न अर्थ सामावले आहेत. परंतु पारखीच्या बोलण्यात क्रियापद क्वचितच येते. येते ते विशेषण वा नाम, आणि पाठोपाठ 'आहे'. 'लेकरू चपळ आहे', 'पोरात दम आहे', 'अंगात खेळ आहे' ही वाक्ये मैदानावर नेहमी ऐकू येतात. 'आहे' या एका रूपाने वरील चारही अर्थ एकवटून टाकले जातात. चपळ आहे म्हणजे आज एकदा चपळाईने निसटली, की नेहमी निसटते, की पुढे निसटेल, हे सांगणाऱ्यासही पुष्कळदा ठाऊक नसते.

'दम' हा शब्द या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. फारसीत त्याचा अर्थ श्वास असा आहे. मराठीत तो श्वास टिकविण्याची शक्ती आणि मनाची चिकाटी या दोन्ही अर्थांनी वावरतो. खो-खोत हे दोन गुण अगदी भिन्न आहेत. वरिष्ठ गटातील पारंपरिक ९ मिनिटांच्या पाळीत धावणारे गडी तिघा-तिघांच्या तुकडीने उतरतात. दोन मिनिटांनंतर ज्याची छाती भरून येते, त्यास श्वासाचा सराव हवा. जोडीचे दोघे बाद होताच जो बावरतो, त्यास अनुभव हवा. दोघांविषयीही 'दम कमी आहे' असेच म्हटले, तर शिक्षकाने उपाय कोणता करावा हे कळत नाही. बोलीतील असे शब्द टाकून द्यावेत, असा याचा अर्थ नाही. त्यांत अनुभव साठलेला असतो. तो उलगडून लिहिला पाहिजे, इतकेच.

दुसरा दोष कर्त्याच्या बाबतीत घडतो. 'तिने तीन गडी बाद केले' या वाक्यात 'ने' प्रत्ययाने सारे श्रेय एका व्यक्तीकडे जाते. वस्तुतः खो-खोत पाठलाग करणाऱ्यास एकदा दिशा घेतल्यावर खांबापर्यंत मागे फिरता येत नाही आणि मधली पाटी ओलांडता येत नाही. धावणाऱ्यावर मात्र असे कोणतेच बंधन नसते. म्हणून गडी बाद होतो तो बहुधा चार-पाच खोंच्या साखळीने. कोणी तरी योग्य क्षणी खो देऊन धावणाऱ्याची वाट अडविलेली असते, आणि हात लावणारी त्या साखळीतील केवळ शेवटची असते. नोंदवहीत नाव तिचेच राहते. बेसबॉलमध्ये याचे उलट उदाहरण सापडते. क्षेत्ररक्षकाच्या चुकांची गणना पूर्वापार होत आली. पण जो चेंडूपर्यंत पोहोचतच नाही, त्याच्या नावे चूक लागत नाही. त्यामुळे तोकड्या पोहोचीचा खेळाडू कागदावर निर्दोष ठरतो आणि दूरवर झेपावणारा सदोष.

तिसरा दोष आकड्यांचा होय. समजा, एक मुलगी पहिल्या तुकडीत उतरून १ मिनिट ५० सेकंदांनी बाद झाली, आणि दुसरी शेवटच्या तुकडीत येऊन १ मिनिट नाबाद राहिली. पहिलीचा वेळ मोठा दिसतो. पण तिचा वेळ पूर्ण झालेला आहे. दुसरीचा पंचांच्या शिटीने तोडलेला आहे. ती आणखी दोन मिनिटे टिकली असती, की पुढच्याच खोला सापडली असती, हे त्या आकड्यात नाही. शिवाय पहिलीसमोर ताज्या दमाचे पाठलाग करणारे होते, दुसरीसमोर थकलेले. परिस्थिती न सांगणारा आकडा हा अर्धे वाक्य असतो.

मग मोजमाप टाळावे काय ? तसे नव्हे. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीत उंची, ३० मीटर धाव, उभी उडी यांसारख्या चाचण्या घेतात. शेकडो मुलांतून थोडी निवडताना त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु एका मोजमापावर सारा निर्णय टाकल्यास काय होते, याचे उदाहरण भारतातच घडले. २००८ साली एका दूरचित्रवाणी स्पर्धेत केवळ फेकीचा वेग व अचूकता पाहून उत्तर प्रदेशातील रिंकू सिंह व दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निवडले गेले, आणि पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने त्यांस करारबद्ध केले. दोघेही पूर्वी बेसबॉल खेळले नव्हते. त्यांनी कनिष्ठ श्रेणीपर्यंत जे शिकून दाखविले ते थोडे नाही. तथापि सर्वोच्च श्रेणीत दोघेही पोहोचले नाहीत. हाताची ताकद मोजता आली होती. खेळाची समज, जी वर्षानुवर्षांच्या खेळातून येते, ती त्या यंत्राच्या कक्षेत नव्हती.

मोजमापाबरोबर वयही ध्यानात घ्यावे लागते. ज्या गटाची मर्यादा १ जानेवारी धरली जाते, त्यात जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्या मुलाहून जवळजवळ एका वर्षाने मोठा असतो. चौदाव्या वर्षी हा फरक उंचीत व वेगात उघड दिसतो. कॅनडातील बर्फावरील हॉकीत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचे प्रमाण असाधारण आहे, असे १९८५ मध्ये संशोधकांनी दाखविले. मोठे दिसणे आणि चांगले असणे यांची गल्लत तेथील पारख्यांकडूनही झाली होती.

या सर्वांवरून तालुक्याच्या पातळीवरील शिक्षकास हाताशी धरता येईल असा नोंदीचा एक नमुना सुचतो. 'मुलगी चपळ व दमदार आहे' याऐवजी, उदाहरणार्थ, असे लिहावे : 'दोन सामन्यांत चार पाळ्या पाहिल्या. तीन वेळा पहिल्या तुकडीत उतरली. खांबाजवळ हुलकावणी देऊन दोनदा सुटली. साखळीने पळताना मागे पाहत नाही. दोन्ही वेळा तेथेच बाद झाली. खो ऐकताच उठते, पण दिशा घेण्यास क्षणभर थांबते. जन्म नोव्हेंबरचा, गटातील इतरांहून लहानखुरी. मागे पाहण्याची सवय लागल्यास पहिल्या तुकडीतील भरवशाची धावपटू होईल, असे वाटते.' या नोंदीत पाहणीचा अवधी आहे, घडलेले भूतकाळात आहे, रीत वर्तमानात आहे, आणि अनुमान भविष्यकाळात असून त्यास अटही जोडलेली आहे.

अशा नोंदीचा लाभ दुहेरी आहे. दोन वर्षांनी ती पुन्हा वाचून तिच्यातील अनुमान खरे ठरले की नाही, हे तपासता येते. 'चपळ आहे' हे वाक्य कधी खोटे ठरतच नाही, म्हणून त्यापासून पारख्यास काही शिकताही येत नाही. आणि दुसरे असे की, निवड न झालेल्या मुलीच्या हाती नकाराबरोबर काही तरी पडते. रेणापूरसारख्या ठिकाणी, जेथे पुढची संधी वर्षाने येते, तेथे त्या वर्षात काय करावयाचे हे तिला त्या नोंदीतून समजू शकते.