दुरुस्तीच्या टेबलावरून प्रोग्रामिंगकडे

पुण्यात सॉफ्टवेअरचे काम सुरू करण्याच्या वाटा १९९० च्या आसपास एकसारख्या नव्हत्या. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये सी-डॅक ही संशोधन संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तेथे ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून परतलेल्या आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी सुरू केली. या दोन्ही वाटा उच्च शिक्षणातून आल्या होत्या. कैलास आणि संजय काटकर या भावांची वाट मात्र बिघडलेल्या यंत्रांतून गेली, आणि प्रोग्रामर कसा घडतो हे समजून घ्यायला ती अधिक उपयोगाची आहे.

काटकर कुटुंब मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे. वडील पुण्यात फिलिप्स कंपनीत नोकरीला होते. थोरले कैलास दहावीनंतर पुढे न शिकता रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या दुकानात लागले. कॅल्क्युलेटरच्या दुरुस्तीसाठी बँकांमध्ये जावे लागे. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांच्या शाखांमध्ये यंत्रीकरणाला वेग आला होता; लेजर पोस्टिंगची यंत्रे आणि पाठोपाठ संगणक टेबलांवर दिसू लागले होते. पुढचे काम या यंत्रांतच असणार हे कैलास यांनी तेथेच ओळखले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मंगळवार पेठेत स्वतःचे दुरुस्तीचे छोटे दुकान थाटले. धाकट्या संजय यांचा ओढा इलेक्ट्रॉनिक्सकडे होता. कैलास यांच्या आग्रहाने त्यांनी मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्राला प्रवेश घेतला.

दुकानात येणाऱ्या संगणकांचे सुटे भाग अनेकदा ठणठणीत असत, तरी यंत्र चालत नसे. कारण व्हायरस. कॉलेजच्या प्रयोगशाळेतही तेच: एकच फ्लॉपी सगळ्या यंत्रांत फिरे आणि लागण पसरत जाई. सर्वसाधारण उपाय म्हणजे फॉरमॅट मारणे. त्यात यंत्र सुरू होई, पण ग्राहकाची बिले, हिशेब, पत्रे जात. डेटा न गमावता यंत्र बरे करायचे तर व्हायरसने नेमके काय बदलले हे शोधून ते उलटवावे लागते. संजय यांच्या प्रोग्रामिंगची खरी सुरुवात या गरजेतून झाली.

त्या काळी गाजलेला ‘मायकेलँजेलो’ हा व्हायरस हे काम समजावून घ्यायला चांगला. तो १९९१ मध्ये आढळला, आणि ६ मार्चला संगणक सुरू केला की तो डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर निरर्थक मजकूर लिहून आधीची माहिती पुसून टाकी. तेव्हाचा संगणक चालू होताना डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधील ५१२ बाइट मेमरीत उचली आणि त्यातील सूचना पाळू लागे. त्या कोणी लिहिल्या हे तो तपासत नसे. मायकेलँजेलो मूळ सेक्टर हार्ड डिस्कच्या त्याच ट्रॅकवरील सातव्या सेक्टरमध्ये हलवी आणि पहिल्या जागी स्वतः बसे. मग मेमरीचा वरचा २ किलोबाइटचा भाग बळकावून डिस्कवरच्या प्रत्येक वाचन-लेखनावर लक्ष ठेवी. नवी फ्लॉपी आत गेली की तिलाही लागण.

उपचाराची पद्धत यातूनच निघते. लिहिण्यास बंदी केलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक सुरू करायचा, म्हणजे व्हायरस मेमरीत येतच नाही. मग सातव्या सेक्टरमधील मूळ मजकूर पहिल्या सेक्टरवर परत ठेवायचा. ऐकायला सोपे वाटते, पण ‘स्टोन्ड’ हा दुसरा व्हायरसही मूळ सेक्टर तेथेच लपवी. दोघांची लागण एकाच डिस्कला झाली तर नंतरचा व्हायरस आधीच्यालाच ‘मूळ’ समजून सातव्या जागी टाकी आणि खरा मजकूर पुसला जाई. तेव्हा डोळे झाकून नक्कल करणारा प्रोग्राम रोग्याला दुसऱ्यांदा मारतो. सातव्या सेक्टरमध्ये खरोखर काय आहे, हे आधी पाहावेच लागते.

फाइलींना लागणाऱ्या व्हायरसांची तऱ्हा वेगळी. डॉस या तेव्हाच्या कार्यप्रणालीच्या ‘कॉम’ फाइलमध्ये असा व्हायरस बहुधा शेवटी स्वतःला जोडतो आणि सुरुवातीच्या तीन बाइटच्या जागी स्वतःकडे उडी मारण्याची सूचना लिहितो. मूळ तीन बाइट त्याच्याच शरीरात कुठेतरी जपलेले असतात, कारण काम उरकल्यावर त्याला खरा प्रोग्रामही चालवायचा असतो. ते बाइट शोधून जागेवर ठेवणे आणि फाइल पूर्वीच्या लांबीवर कापणे, एवढाच इलाज. मात्र त्यासाठी व्हायरसचा कोड असेंब्ली भाषेत उलगडून ओळीओळीने वाचावा लागतो. व्हायरसच्या प्रत्येक प्रतीत न बदलणारी बाइटांची ओळ निवडली की ती त्याची ओळखखूण ठरते. खूण फार छोटी घेतली तर निरोगी फाइलही आजारी ठरते.

चुकीच्या उपचाराने किती नुकसान होते हे १९९४ च्या ‘वन हाफ’ या व्हायरसने दाखवले. तो दर वेळी संगणक सुरू होताना डिस्कचा थोडा भाग शेवटाकडून कूटबद्ध करत पुढे सरके. व्हायरस हजर असेपर्यंत डेटा नीट वाचता येई. घाईने पहिला सेक्टर नवा लिहिला की तेथे ठेवलेली, डेटा उलगडण्याची किल्लीही जाई आणि डिस्कचा तो भाग वाचता येईनासा होई. आधी किल्ली काढून घ्यायची, डेटा सोडवायचा, मग व्हायरस हटवायचा, हा क्रम मोडून चालत नसे.

संजय यांनी सुरुवातीला लिहिलेली साधने दुकानातल्या दुरुस्तीपुरती होती. एका यंत्रासाठी केलेला उलगडा तोच व्हायरस असलेल्या प्रत्येक यंत्राला लागू पडतो. दुरुस्ती आणि सॉफ्टवेअर यांतला सर्वांत मोठा फरक हाच: हाताने केलेली दुरुस्ती दर वेळी नव्याने करावी लागते, प्रोग्राम एकदा नीट लिहिला की त्याच्या प्रती निघतात. ग्राहकांना साधने आवडू लागली तेव्हा ती वेगळी विकण्याचे कैलास यांनी ठरवले आणि १९९५ च्या सुमारास डॉससाठी ‘क्विक हील’ बाजारात आले. दोघांची कामेही तेव्हापासून स्पष्ट वाटली गेली. कोड संजय यांच्याकडे, ग्राहक आणि व्यवहार कैलास यांच्याकडे.

विक्रीनंतरचे काम विक्रीपेक्षा अवघड होते. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाले आणि घरोघरी पोहोचायला आणखी बरीच वर्षे गेली. तोवर नव्या ओळखखुणा फ्लॉपीवर घालून ग्राहकापर्यंत पोहोचवाव्या लागत, आणि व्हायरसचे नमुनेही फ्लॉपीवरूनच येत. अशा वेळी ज्याच्याकडे रोज आजारी यंत्रे येतात त्याला नमुन्यांची कमतरता नसते. परदेशी कंपन्यांकडे भांडवल आणि जाहिरात होती. पुण्यातल्या पेठेत नेमके काय पसरले आहे हे मात्र या दुकानाला आधी कळे. पुण्याबाहेर विस्तार करताना पहिली शाखा नाशिकला निघाली.

काटकर बंधूंच्या कंपनीचे नाव बराच काळ ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ असे होते. २००७ मध्ये ते बदलून ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ झाले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीच्या शेअरची बाजारात नोंदणी झाली.