नाण्यावरचं गाव आणि नाण्याचं गाव



मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. नाणी हा माझा छंद, आणि तोसुद्धा निवृत्तीनंतर नीट जडलेला. तेव्हा आज मी तज्ज्ञ म्हणून बोलत नाही. टांकसाळीच्या गावांप्रमाणे नाणी जमवण्याची जी एक पद्धत आहे, ती समजावून सांगायची आहे, आणि त्या निमित्तानं एक प्रश्न विचारायचा आहे. नाण्यावर एखाद्या गावाचं नाव आहे, म्हणून ते नाणं त्या गावचं, असं आपण कशाच्या बळावर म्हणतो?

ही पद्धत रुजली ती प्राचीन ग्रीक आणि रोमन नाणी जमवणाऱ्यांमध्ये. एकेका राजाची नाणी गोळा करण्यापेक्षा त्यांनी नकाशा समोर ठेवला आणि एकेका शहराचं नाणं शोधायला सुरुवात केली. त्याला कारण होतं. ग्रीक जगात शेकडो नगरराज्यं स्वतःची नाणी पाडत होती आणि प्रत्येकाची खूण वेगळी. अथेन्सच्या चांदीच्या मोठ्या नाण्याचं वजन साधारण १७ ग्रॅम, त्यावर घुबड, आणि बाजूला शहराच्या नावाची पहिली तीन अक्षरं. कोरिंथचा पंख असलेला घोडा. रोड्स बेटाचा गुलाब, कारण ग्रीक भाषेत गुलाबाला 'रोडोन' म्हणतात. म्हणजे नाण्यावर शब्दाची कोटी केली आहे, आणि ती अडाणी माणसालाही कळते!

पुढे रोमन साम्राज्यात सगळीकडे सम्राटाचाच चेहरा आला. पण तिसऱ्या शतकाच्या अखेरीला डायोक्लेशियननं नाण्यांची घडी नव्यानं बसवली, त्यानंतर तळाशी बारीक अक्षरांत टांकसाळीची खूण नियमितपणे पडू लागली. अँटिऑक, अलेक्झांड्रिया, ट्रिअर, अगदी लंडनसुद्धा. शिवाय टांकसाळीतल्या कोणत्या विभागात नाणं पडलं याचंही एक अक्षर. नाण्यात खोट निघाली तर जाब कुणाला विचारायचा, ते ठाऊक असावं म्हणून.

इथपर्यंत सगळं सोपं वाटतं. खूण वाचा, नकाशावर टिंब द्या, संपलं. पण अथेन्सचं नाणं इतकं चाललं, की इजिप्तमध्ये आणि अरबस्तानातही त्याच्या नकला पाडल्या गेल्या. घुबड तेच, अक्षरं तीच, गाव मात्र दुसरंच. अलेक्झांडर इसवी सनपूर्व ३२३ मध्ये वारला, पण त्याच्या नावाची नाणी पुढं दीड-दोनशे वर्षं वेगवेगळी शहरं पाडत राहिली. लोकांचा विश्वास त्या नावावर होता. नाव मेलेल्या माणसाचं, पण ते चालतं, म्हणून ठेवायचं.

आता ग्रीसमधून आपल्या कृष्णाकाठी येऊ, कारण हीच गोष्ट आपल्याकडे घडलेली आहे.

मिरजेच्या टांकसाळीचा जुना रुपया हातात घेऊन त्यावर 'मिरज' शोधाल, तर ते सापडणार नाही. अक्षरं फारसी, आणि गावाचं नाव 'मुर्तजाबाद'. 'जर्ब मुर्तजाबाद' म्हणजे मुर्तजाबादेत पाडलेलं. १७३९ मध्ये मिरज छत्रपती शाहू महाराजांच्या ताब्यात आली, नंतर पटवर्धनांकडे गेली. पण नाण्यावर मुर्तजाबाद राहिलं आणि बादशहाचं नावही राहिलं. पुण्याच्या रुपयावर 'मुहियाबाद', चांदवडच्या रुपयावर 'जाफराबाद'. साताऱ्याच्या किल्ल्यालाही १७०० मध्ये औरंगजेबानं 'आजमतारा' हे नाव दिलं होतं. ते लोकांच्या तोंडी बसलं नाही, हा भाग वेगळा.

दिल्लीच्या बादशहाची सत्ता उरली नव्हती, तरी मराठे त्याचं नाव का छापत होते? मग कंपनी सरकारही बराच काळ तेच का करत होतं? १८३५ मध्ये विल्यम राजाच्या चेहऱ्याचा एकसारखा रुपया आला, तोपर्यंत हे चाललं. उत्तर अलेक्झांडरचंच आहे. बाजारात ओळखीचं नाव चालतं.

पण सराफ मात्र नावावर थांबत नसे. त्या काळी गावोगावच्या रुपयांत चांदी कमीजास्त असे. टांकसाळी पुष्कळदा मक्त्यानं दिलेल्या असत, आणि मक्तेदारानं चांदीत हात मारला तर रुपया हलका पडे. सराफ रुपया वाजवायचा, घासायचा, तोलायचा, आणि कोणत्या टांकसाळीचा आहे ते पाहून त्यावर बट्टा कापायचा. 'नावाला बट्टा लागला' असं आपण आज सहज म्हणतो, तो हा बट्टा. 'नाणं वाजवून घ्यावं' हेही तिथलंच. मिरजेच्या शेतकऱ्यानं आणलेला रुपया पुण्यात किती आण्यांचा धरायचा, यावर त्याचा सारा भरला की थकला हे ठरत असे. टांकसाळीचं गाव ओळखणं हा तेव्हा छंद नव्हता, पोटाचा प्रश्न होता.

भारतीय तर्कशास्त्रात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण कुणाचाही शब्द नव्हे. तो आप्ताचा हवा, म्हणजे ज्याला वस्तुस्थिती माहीत आहे आणि जो ती खरी सांगतो, अशा माणसाचा. नाण्यावरचं गाव हा असाच एक शब्द आहे. सराफ तो ऐकायचा, पण त्याला प्रत्यक्षाची जोड द्यायचा. संग्राहकानंही तेच करायचं असतं.

यात एक व्यावहारिक अडचण येते. आपल्या रुपयांचा ठसा पुष्कळदा चांदीच्या चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे ठशावरचा सगळा मजकूर नाण्यावर उमटत नाही. नेमकं गावाचं नाव कडेबाहेर जातं. मग बारीक खुणांवर भिस्त ठेवावी लागते. पुण्याच्या रुपयावर अंकुश असतो, म्हणून तो 'अंकुशी'.

आणि शिवराईवर तर गावच नाही! एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. १६७४ च्या राज्याभिषेकापासून इंग्रजी अंमल येईपर्यंत, दीडशे वर्षं, हे तांब्याचं नाणं किती ठिकाणी पडलं असेल? अक्षरांची वळणं निरनिराळी, वजनं निरनिराळी. गाव एकीवरही नाही. विक्रेते पाकिटावर 'सातारा टांकसाळ' असं लिहून देतात. मीही सुरुवातीला अशी दोन पाकिटं घेतली. घरी येऊन विचार केला, की हे 'सातारा' नाण्यावर कुठं आहे? ते फक्त पाकिटावर होतं.

मग शिवराईचं गाव कळणार कशावरून? ती कुठं सापडली यावरून. आणि इथं मला माझी एक चूक सांगितली पाहिजे.

माझ्या आजीच्या पेटीत शिवराया होत्या. दोन पुरचुंड्या, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेल्या. एक तिच्या माहेराहून, तासगावकडून आलेली. दुसरी वाईच्या घराचा पाया खणताना निघालेली. मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो आणि शहाणा होतो. दोन्ही पुरचुंड्या सोडल्या, सगळी नाणी चिंच-मीठ लावून लख्ख घासली आणि अक्षरांच्या वळणाप्रमाणे ओळीत लावली. आजी म्हणाली, "अरे, ती वेगवेगळी ठेवली होती मी." मी म्हणालो, "आजी, आता ती नीट लागली आहेत."

आज ती माझ्याकडे आहेत. वाईची कोणती, तासगावची कोणती, हे जगात कुणालाच सांगता येणार नाही. नाण्यांना गाव होतं, ते फडक्याच्या गाठीत होतं. मी गाठ सोडली आणि फडकं फेकून दिलं. या विषयातली आप्त माझी आजी होती, आणि मी तिला गप्प केलं.

एकत्र सापडलेली नाणी एकत्र राहिली तर काय मिळतं, ते जोगळटेंभीनं दाखवलं. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी १९०६ मध्ये नहपान क्षत्रपाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांवर ग्रीक अक्षरंही आहेत. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा मारलेला होता. एक राजा हरला आणि दुसऱ्यानं त्याचा पैसा आपला करून चालवला, हे त्या एका ढिगात दिसतं. तीच नाणी चार बाजारांत सुटी विकली गेली असती, तर हे प्रमाण कुणाला कळलं असतं?

म्हणून चार गोष्टी सांगतो. नाणं घासू नका. चिंच, लिंबू, राख काही नको. प्रत्येक नाण्याला वेगळं कागदी पाकीट करा आणि त्यावर वजन, कुणाकडून मिळालं, कोणत्या गावी, कधी, हे लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. आणि नांगरताना किंवा पाया खणताना नाण्यांचं भांडं लागलं तर ते वाटून घेऊ नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लोक भितात, मला माहीत आहे. पण ते भांडं फुटून वाटलं गेलं, की माझ्या आजीच्या पुरचुंडीसारखंच होतं.

(श्रोत्यांतून प्रश्न : म्हणजे शिवराईची टांकसाळ कधीच कळणार नाही का?)

तसं नाही म्हणणार मी. एकाच ठशानं पाडलेली नाणी ओळखता येतात, अक्षराचा एखादा तडा किंवा टिंब जसंच्या तसं येतं. समजा एका ठशाची बरीच नाणी कराड-पाटणकडेच सापडली आणि दुसऱ्या ठशाची मिरजेच्या आसपास, तर अनुमानाला जागा मिळते. पण त्यासाठी प्रत्येक नाण्याबरोबर सापडल्याचं गाव लिहिलेलं हवं. ते काम विद्यापीठ एकटं करू शकणार नाही. ते तुमच्या देव्हाऱ्यात आणि तुमच्या आजीच्या पेटीत आहे. आज घरी गेल्यावर आधी पेटी उघडू नका. आधी आजीला विचारा.